वरचं धड बोलतं, खालचं दुखतं

"मॅडम, दिवसभर जनावरंच बघता, मग घरी गेल्यावर अर्ध्या जनावरांचं कार्टून कशाला?"

हा प्रश्न आधी मुलीच्या मैत्रिणीने विचारला, मग दवाखान्यातल्या आमच्या ड्रेसरने. गेल्या महिन्यात तर एका दूधवाल्या काकूंचा नातू गाईला धरून उभा असतानाच म्हणाला, "तुम्ही ते नागीण-डॉक्टरवालं बघता ना?" मी पशुवैद्य आहे, वय पन्नाशीच्या पुढे, आणि गोठ्यात एक हात गाईच्या आत असताना असल्या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. आता विचारलंच आहे, तर सावकाश सांगते.

मालिकेचं जपानी नाव 'मॉन्स्टर मुसुमे नो ओइशा-सान'. ओइशा-सान म्हणजे आपलं डॉक्टरसाहेब. 'ओ' हा पुढून लावलेला मान आणि 'सान' मागून. इंग्रजीत 'मॉन्स्टर गर्ल डॉक्टर' म्हणतात. 2020 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये 12 भाग आले. लॉकडाऊनचे दिवस, मुलगी घरी अडकलेली, मी मात्र रोज ड्यूटीवर, कारण गाईला लॉकडाऊन कळत नाही. रात्री जेवताना ती लावायची. माणसं आणि राक्षसजाती यांचं लांबलचक युद्ध संपलंय, आणि लिंडवर्म नावाच्या शहरात दोघे शेजारी राहू लागलेत. तिथे ग्लेन हा माणूस डॉक्टर, आणि सप्फी ही कमरेखाली पांढरी नागीण असलेली त्याची सहकारी, औषधं करणारी. बाकी बहुतेक पेशंट बायका, त्याचं कारण पुढे येतंच.

पहिल्याच भागात टिसालिया येते. कमरेपासून घोडी, आखाड्यात लढणारी, हल्ली सारखी हरणारी. बोलायला फर्डी, खानदानी तोरा, पण काय होतंय ते मात्र सांगता येत नाही. ग्लेन तपासत तपासत शेवटी खुरांपाशी येतो आणि नाल ठोकायला सांगतो. मी हातातला घास तसाच ठेवला. वरचं धड बोलतं, दुखतं ते खालचं, आणि वरच्याला खालची खबर नाही! मुलगी म्हणाली, "आई, हे काल्पनिक आहे." मला मात्र एक खराखुरा बैल आठवला होता.

नोकरीचं दुसरं वर्ष. "बैल वैरण खाईना," एवढाच निरोप. मी गेले, तोंड उघडून जीभ-दात बघितले, डाव्या भकाळीत मूठ दाबून पोटाची हालचाल बघितली, ताप मोजला, पाचक पावडर दिली आणि आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. शेजारचे एक आजोबा कट्ट्यावरून म्हणाले, "पोरी, त्याला उठवून चालवलंस का?" बैल दोन्ही वेळा बसलेलाच होता, आणि मी त्याला बसलेलाच तपासला होता. उठवला तर मागचा उजवा पाय टेकवेना. खुराच्या फटीत बाभळीचा काटा, आत पू. वैरण दोन हात लांब होती आणि उठायचं म्हणजे कळ, म्हणून तो खात नव्हता. मालकाने जे दिसलं ते खरं सांगितलं होतं, आणि मी त्याच्या वाक्यावर इलाज केला होता.

घोडं उभं असतं तेव्हा अंगाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. आता मान-डोक्याच्या जागी माणसाचं धड बसवा, वर चिलखत घाला, हातात शस्त्र द्या, आणि फरसबंदीवर रोज पळवा. पुढची खुरं टिकतील का? खूर महिन्याला सेंटीमीटरभर वाढतं. त्याहून वेगाने झिजायला लागलं की नाल हवीच. बैलाच्या चिरलेल्या खुराला आपण दोन-दोन पत्र्या मारतो, म्हणजे एका बैलाला आठ. शिकायला परळला होते तेव्हा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नालबंदांना काम करताना बघितलंय. शर्यतीला अॅल्युमिनियमची हलकी नाल, सरावाला लोखंडी. नालबंद घोड्याच्या तोंडाकडे बघतही नाही. पाय उचलला की काय ते त्याला कळतं.

मला छळतो तो दुसराच प्रश्न: टिसालिया खाते काय? घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतं, त्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर सरकत राहतात. माणसाच्या एवढ्याशा जबड्याने घोड्याचं पोट भरायचं कसं? आणि पोटशूळ उठला तर? घोड्याला उलटी होत नाही, पण हिच्या तोंडाला ते कोण सांगणार? मुलगी या प्रश्नांना कंटाळून झोपायला जायची.

औषधांचं तर विचारूच नका. सप्फीचं शेपूट थंड पडलं की तिच्या शरीरात औषध कसं फिरणार? सापाला अँटिबायोटिक देताना त्याला योग्य उबेत ठेवावं लागतं, नाहीतर डोसाचं सगळं गणित चुकतं. एका जातीचं औषध दुसरीला चालेलच असं नाही, हे आमच्या पिढीला गिधाडांनी शिकवलं. डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवणारं औषध माणसाला चालतं, गाईबैलालाही चालतं. नव्वदच्या दशकात माझ्याही बॅगेत त्या बाटल्या असायच्या. स्वस्त, आणि लंगडणारं जनावर संध्याकाळपर्यंत चालायला लागायचं. पण औषध दिल्यावर लगेच मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढरपाठी गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली. 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या वापरू लागले, म्हणून 2015 मध्ये माणसांची बाटलीही 3 मिलीपुरतीच ठेवली. लिंडवर्ममध्ये पंखवाल्या हार्पी बायका आहेत. त्यांतल्या एखादीची कंबर दुखली तर ग्लेन काय देईल, या विचाराने मला खरोखर घाम फुटतो.

आता तक्रार. तपासणी सुरू झाली की पेशंट लाजते, कण्हते, आणि कॅमेरा डॉक्टरच्या बोटांवर राहायचा सोडून भलतीकडे जातो. जलपरीच्या कल्ल्यांची तपासणी ही किती नाजूक गोष्ट! ते पाण्यासाठी बनलेले, पिसासारखे पातळ. तिथेही तेच. हार्पीच्या अंड्याच्या भागाला मी उठून चहा टाकायला गेले. अंडं अडकणं म्हणजे पक्ष्याच्या जिवावरचं काम. ऊब द्या, कॅल्शियम द्या, हळू हाताने बघा, त्यात गंमत कसली? मी रोज खांद्यापर्यंत हात घालून गाई गाभण आहेत का ते बघते. लाजतात ती फक्त कुंपणावर बसलेली पोरं. बघणाऱ्याची नजर पेशंटच्या माथी मारायची, हे मला मुळीच पटत नाही. मुलीलाही पटलं नव्हतं, पण ती म्हणाली, "म्हणूनच तर लोक बघतात गं." असेल.

तरी शेवटपर्यंत बघितलं ते स्काडीसाठी. ती ड्रॅगन, शहराची प्रमुख, आणि आवाज इतका बारीक की ती काय म्हणते ते तिची रक्षक कुनाई सगळ्यांना सांगते. म्हणजे इथेही पेशंट एक आणि सांगणारी दुसरी! हृदयापाशी गाठ आहे, शस्त्रक्रिया करायला हवी, आणि स्काडी नको म्हणते. कुनाईचा जीव तुटतो, पण नकार स्काडीचा आहे आणि डॉक्टरला तो आधी ऐकावा लागतो. माझ्या टेबलावर असं कधीच होत नाही. तिथे हो म्हणतो मालक, नको म्हणतो मालक, अंगठा उठवतो तोही मालकच.

गेल्या पावसाळ्याआधी एका म्हाताऱ्या बैलाचं शिंग काढलं. शिंगाचा कॅन्सर, आपल्याकडच्या बैलांत तो नवा नाही. शिंग कलंडलेलं, बैल सारखी मान झटकत होता. मालकाने कागदावर सही केली, पेन परत दिलं आणि बैलाच्या वशिंडावर हात ठेवून म्हणाला, "यालाच इचारायला पायजे होतं ओ मॅडम, बारा वर्षं झाली संगतीला."

मी भुलीची सुई भरत होते. म्हटलं, "वेसण नीट धरा, हलतोय तो."