एडिंबऱ्याच्या बोळांतून

एडिंबरा, १४ सप्टेंबर, रात्र

पायांचे तुकडे पडलेत, पण हे आजच लिहून ठेवायचं आहे. सकाळी किल्ल्यापुढच्या पटांगणात आमचा घोळका जमला. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. वाट दाखवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, जन्म याच शहरातला. छत्री न उघडता त्या बोलत राहिल्या आणि आम्ही त्यांच्या मागे उतारावरून चालत राहिलो.

त्यांनी सुरुवात दगडापासून केली, ते मला फार आवडलं. किल्ला उभा आहे तो विझलेल्या ज्वालामुखीचा कातळ. हिमयुगात पश्चिमेकडून बर्फ सरकत आला, या कातळाला अडला आणि दोन्ही बाजूंनी वाहून गेला. त्याच्या आडोशाला पूर्वेकडे एक लांब सोंड शिल्लक राहिली. रॉयल माईल म्हणजे त्या सोंडेच्या पाठीवरचा रस्ता, वर किल्ला आणि खाली होलीरूडचा राजवाडा. दोन्ही अंगांना उतार, उत्तरेला गावची घाण पोटात घेणारं तळं, भोवती तटबंदी. शहराला पसरायला जागाच नव्हती, म्हणून ते वर चढलं. लिफ्ट नव्हती, नळ नव्हते, त्या काळात इथे दहा-दहा मजल्यांची दगडी घरं उभी राहिली. एकाच जिन्यावर मधल्या मजल्यांवर वकील आणि सरदार, तळाला आणि अगदी वर गरीब. सगळ्यांचा जिना एक आणि घाणही एक. १६४५ मध्ये प्लेग आला तेव्हा या दाटीत काय झालं असेल, याची कल्पनाही करवत नाही.

मुख्य रस्त्याला काटकोनात दोन्ही बाजूंना बोळ फुटतात. त्यांना इथे 'क्लोज' म्हणतात. ॲडव्होकेट्स क्लोजमध्ये शिरलो तर दोन्ही हात पसरून भिंती गाठता येतील असं वाटलं. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि समोरच्या फटीतून कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या स्मारकाचं काळपट टोक. मी तिथे बराच वेळ रेंगाळले. बाईंनी घाई केली नाही.

ग्रेफ्रायर्सच्या इमानी कुत्र्याच्या पुतळ्यापाशी फोटोंची झुंबड होती, तिथून आम्ही लवकर निघालो. मला थांबवलं ते हाय स्ट्रीटवरच्या पेझ्ली क्लोजने. बोळाच्या कमानीवर एका मुलाचा चेहरा कोरलेला आहे आणि भोवती दगडी फितीवर त्याचे शब्द. नोव्हेंबर १८६१ मध्ये मध्यरात्रीनंतर इथली जुनी, अनेक मजली इमारत झोपलेल्या माणसांसकट खाली आली. ३५ माणसं गेली. ढिगारा उपसणाऱ्यांनी आशा सोडत आणली होती, तेवढ्यात आतून एका पोराचा आवाज आला: ओढा रे गड्यांनो, मी अजून मेलो नाही! तो जिवंत निघाला. पुढच्याच वर्षी शहराने हेन्री लिटलजॉन या डॉक्टरला पहिला आरोग्य अधिकारी नेमलं. त्याने १८६५ मध्ये मृत्यू, दाटी आणि सांडपाणी यांचा हिशेब मांडणारा अहवाल दिला.

मी गिरगावच्या चाळीत वाढले. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, ती आमच्याकडे जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचली जायची. त्या कोरलेल्या पोराकडे बघताना माझ्या पोटात खड्डा पडला. मेलेल्या माणसांची आठवण भर रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवणाऱ्या या शहराबद्दल मला मनापासून आदर वाटला.

अहवालानंतर १८६७ मध्ये कायदा आला आणि जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. हवा आली, उजेड आला, पण तिथल्या गरिबांपैकी पुष्कळ जण शेजारच्या आधीच भरलेल्या बोळांत जाऊन कोंबले गेले. हे ऐकताना मला मुंबईच दिसत होती.

आणि मग पॅट्रिक गेडिस. माणूस मुळात वनस्पतिशास्त्राचा, पण पुढे नाव झालं ते नगररचनेत. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर तो आणि ॲना, दोघंही चांगली वस्ती सोडून जेम्स कोर्टच्या मोडकळीला आलेल्या इमारतीत राहायला आले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन अंगण झाडलं, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडं लावली. सगळी गल्ली पाडायची नाही, जे खरोखर सडलं आहे तेवढंच काढायचं, तिथे उजेड आणि बाग आणायची, बाकीचं दुरुस्त करून माणसं तिथेच ठेवायची, ही त्याची पद्धत. मला यापेक्षा शहाणा विचार ठाऊक नाही.

चालणं संपलं ते एका बोळातल्या छोट्या बागेत, गेडिसच्या अर्धपुतळ्यापाशी. तो नंतर भारतात गेला, एवढंच सांगून बाई थांबल्या. मग मला राहवेना. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग यांनीच सुरू केला, आमच्या मालवणचे घुर्ये त्यांचे विद्यार्थी आणि १९२४ मध्ये त्यांच्या जागी आले, हे मी सांगितलं. मग इंदूरची गोष्ट सांगितली. होळकरांच्या राजधानीत प्लेगची दहशत होती. गेडिसने दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यावर जास्त घरं साफ आणि दुरुस्त, तिथूनच मिरवणूक जाणार. लोकांनी गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि शेवटी दोघांनाही रावणासारखं जाळलं.

बाईंनी पिशवीतून वही काढली. इंदूर आणि होळकर ही नावं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली, लिहिली आणि विचारलं, "उंदीर केवढा होता?"