येळ्ळूर शिवारातली फेरी : तिसरा हिवाळा आणि एक चुकलेला निष्कर्ष

दिवाळी सरून भातकापणी जोरात आली की माझ्या पक्षीनिरीक्षणाच्या फेरीचा खरा हंगाम सुरू होतो. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडाच्या पायथ्याच्या दिशेने जाणारी अडीच किलोमीटरांची वाट मी गेले तीन हिवाळे दर रविवारी चालतो आहे. वाट तीच, वेळ तीच आणि वहीसुद्धा तीच. या रविवारी सव्वासहाला निघालो, तेव्हा धुके बांधांपर्यंत उतरलेले होते आणि अर्ध्याहून अधिक शेतांतली बासमती व इंद्रायणी कापून झाली होती.

आजची मुख्य नोंद गप्पीदासाची आहे आणि तिच्यामुळे मला मागच्या दोन वर्षांची काही पाने दुरुस्त करावी लागणार आहेत. हा चिमणीएवढा पाहुणा ऑक्टोबरपासून आपल्या शिवारात दिसू लागतो. खुंट, सुकलेली काडी, कुंपणाची तार असे मोकळे टोक पाहून बसतो, शेपटी खालीवर हलवतो, जमिनीवर उतरून किडा टिपतो आणि बहुधा पुन्हा त्याच टोकावर येतो. मागील दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पानांवर मी जवळजवळ सगळीकडे 'मादी' असे लिहिले होते, तर फेब्रुवारीच्या पानांवर काळ्याभोर डोक्याचे नर नोंदवले होते. त्यावरून 'माद्या आधी येतात, नर मागाहून' असा निष्कर्षही मी मोठ्या ऐटीत समासात लिहून ठेवला होता.

या रविवारी एक पक्षी विहिरीच्या कठड्याशेजारच्या एरंडावर, माझ्यापासून आठ-दहा पावलांवर बसला. ऊन त्याच्यावर तिरपे पडत होते आणि मी दुर्बीण स्थिर धरून उभा होतो. लांबून जे डोके मातकट तपकिरी वाटत होते, ते मुळात काळे होते. मात्र प्रत्येक काळ्या पिसाच्या टोकाला फिकट तपकिरी कड असल्यामुळे काळा रंग राखेखालच्या निखाऱ्यासारखा झाकला गेला होता. वाऱ्याने गळ्यावरची पिसे विस्कटली, तेव्हा आतला काळा भाग स्पष्ट दिसला. मानेच्या बाजूचा पांढरा ठिपकाही मादीत दिसतो त्याहून मोठा होता. तो नर होता आणि बहुधा दोन वर्षे मी ज्यांना माद्या म्हणत आलो, त्यांतले कित्येक नरच होते.

याचे कारण पिसांच्या झिजण्यात आहे. वीण आटोपल्यावर हा पक्षी जुनी पिसे टाकतो आणि नव्या पिसांच्या टोकांना ही फिकट कड असते. हिवाळाभर ती कड हळूहळू झिजत जाते आणि वसंताच्या तोंडावर, नवी पिसे न येताच, खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे फेब्रुवारीत नवे नर येत नव्हते. नोव्हेंबरातलेच नर तेव्हा ओळखू येऊ लागत होते. समासातला निष्कर्ष मी खोडला आहे, पण फाडलेला नाही.

दुसरी प्रगती कानाची आहे. झुडपांतल्या बारीक, तपकिरी पाखरांना मी पूर्वी सरसकट 'वटवट्या' म्हणून मोकळा होत असे. आता निदान तिघांना आवाजावरून वेगळे करता येते. नाल्याकाठच्या दाट झुडपात दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा 'चक्, चक्' आवाज आला की तो बोरू वटवट्या. तो क्वचितच बाहेर येतो, म्हणून त्याला पाहण्याचा हट्ट मी सोडला आहे. आंब्याच्या शेंड्यात 'चि-वीट' असे दोन तुकड्यांत ऐकू आले की हिरवट पर्णवटवट्या. हे दोघे हिवाळी पाहुणे आहेत. आपला कायमचा राखी वटवट्या मात्र उडताना चटचट वाजतो, त्यामुळे तो आपणहून हजेरी देतो.

कापणी झालेल्या शेतांत उंदरांची बिळे उघडी पडतात आणि वर आकाशात त्यांचे गिऱ्हाईक जमते. आज कापशी घार आणि खरुची एकाच वेळी, शंभरेक पावलांच्या अंतराने हवेत थबकून पाहत होते. कापशी पांढरी-राखाडी असते, पंख उंच धरून फडफडते आणि पाय खाली सोडत सोडत उतरते. खरुची विटकरी पाठीचा ससाणा असून शेपटी पंख्यासारखी पसरून वाऱ्याकडे तोंड करून स्थिरावतो. पंधरा मिनिटांत कापशीने दोनदा झेप घेतली आणि दोन्ही वेळा ती रिकामी परतली. पिंजराची म्हणजे भाताच्या पेंढ्याची गंजी रचणाऱ्या एका मामांनी विचारले, "काय ओ सर, आज तरी काय गावलं काय?" मी वर बोट दाखवले, तर ते म्हणाले, "ती व्हय? ती रोजचीच की."

बांधावरच्या एका सपाट दगडावर विष्ठा होती, तीत केसांबरोबर खेकड्याच्या कवचाचे तांबूस तुकडे दिसले. भातशेतातले खेकडे कोल्हाही खातो आणि मुंगूसही. आकारावरून मी कोल्हा लिहिले आहे, पुढे प्रश्नचिन्ह ठेवून.

आमच्यातले काही मित्र या शिवाराला नाक मुरडतात. त्यांना 2011 साली अभयारण्य झालेले भीमगड हवे असते, तिथले गवे आणि अस्वले हवी असतात, बारापेडे गुहांतले रॉटनचे दुर्मीळ वटवाघूळ हवे असते. ते सारे मोलाचे आहेच. पण भीमगडाला मी वर्षातून एकदा जाईन आणि एकाच पक्ष्याला नोव्हेंबरात व फेब्रुवारीत पाहणे त्यातून साधणार नाही.

पुढच्या फेरीपासून गप्पीदासाच्या नोंदीत नर-मादीबरोबर 'डोके किती काळे' हा एक रकाना वाढवला आहे. विहिरीजवळच्या एरंडाला खूण म्हणून सुतळी बांधून आलो आहे; तो नर हिवाळाभर तीच जागा धरून राहिला, तर कड कोणत्या आठवड्यात झिजते ते एकाच पक्ष्यावर टिपता येईल. मामांनी एरंड तोडला नाही म्हणजे मिळवली.