राघूला कंठ फुटतोय: गॅलरीतली नोंद, पावसाळा ते दिवाळी

मंडळी, मागच्या नोंदीत राघू, म्हणजे माझ्या गॅलरीत येणारा मोकळा पोपट, ग्रिलला बाहेरून लटकत होता आणि मी आत पडद्याआड उभी होते. आता तो ग्रिलच्या आतल्या आडव्या पट्टीवर बसतो, मी खुर्चीत चहा पीत असते, आणि आमच्यात जेमतेम हातभर अंतर असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मधलाच भाग उपयोगी पडेल, म्हणून तोच सविस्तर लिहिते.

जागा तीच: पुणे, तिसरा मजला, समोर जुनं पर्जन्यवृक्षाचं झाड.

पहिलं काम पोपटाचं नव्हतंच, कबुतरांचं होतं. वाटीत ज्वारी ठेवली की ती आधी येणार, सगळं फस्त करणार आणि वर घाण करून जाणार. त्यात सोसायटीत पाखरांना दाणे घालणं हा नाजूक विषय. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो गदारोळ झाला तो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आठवडेच्या आठवडे चालला होता. म्हणून वाटी कायमची उचलली. मक्याचं अर्धं कणीस तारेत ओवून ग्रिलच्या वरच्या दांडीला टांगलं. पोपटाच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे, शिवाय चोच म्हणजे त्याचा तिसरा पायच. तो उलटा लटकून निवांत दाणे काढतो. कबुतरांना ते जमत नाही. थोडे दिवस फडफडून पाहिलं आणि नाद सोडला. खारीवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. कोणाला सापडला असेल तर सांगा.

खाऊत मका, ज्वारीचं कणीस, पेरू, भिजवलेले हरभरे, अधूनमधून कच्च्या शेंगदाण्याची एखादी शेंग. खारे दाणे, फरसाण, बिस्कीट अजिबात नाही. सूर्यफुलाच्या बिया जपून, कारण त्यांत तेल फार, आणि त्या दिसल्या की तो दुसऱ्या कशाला चोच लावत नाही. हिरवी मिरची त्याची लाडकी. आई रोज विचारते, "अगं, त्याला तिखट नाही का लागत?" नाही लागत. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपली जीभ भाजते ते पक्ष्यांना जाणवतच नाही. सगळं मिळून त्याचा नाश्ता होईल एवढंच ठेवते. पोट त्याने बाहेरच भरावं. खाण्यापेक्षा तो सांडतोच जास्त, म्हणून खाली जुनं वर्तमानपत्र. ते रोज बदलायचं, पट्टी पुसायची आणि हात साबणाने धुवायचे. पोपटांच्या विष्ठेतून माणसाला ताप येऊ शकतो, तेव्हा इथे आळस नको.

आता अंतराबद्दल. खुर्ची आधी खोलीच्या दारात होती. तो माझ्यासमोर निर्धास्त खाऊ लागला की एक फरशी पुढे सरकवायची, बिचकला की पुन्हा एक मागे. वेळ ठरलेली, सकाळी ऊन ग्रिलवर आलं की. थेट रोखून पाहायचं नाही. ससाण्याची, मांजराची नजर तशी समोरून येते. मी अंग तिरकं करून पेपर वाचते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. सगळ्यात जास्त बिथरतो तो मोबाईल वर उचलला की. म्हणून यावेळी फोटो नाहीत, रागावू नका.

त्याचं अंग वाचता यायला लागलं की निम्मं काम झालं. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली आणि मान उंच, म्हणजे आपण जागचं हलायचं नाही. एक पाय पोटात घेऊन पिसं सैल सोडली, चोच हळूहळू कुरकुर घासली, की आता बरं चाललंय असं समजा. बुबुळ भराभर लहानमोठं व्हायला लागलं तर तो उत्तेजित झालाय. ते आनंदाने की रागाने हे बाकीच्या अंगावरून ठरवायचं.

आणि मुख्य बातमी! राघू हे नाव मी अंदाजपंचे ठेवलं होतं. गळ्याला कंठ, म्हणजे नराच्या मानेभोवतीचं काळं-गुलाबी कडं, नाही म्हणजे एकतर मादी किंवा कोवळा नर. नराला पूर्ण कंठ यायला तिसरं वर्ष उजाडावं लागतं. पावसाळ्यात पिसं झडली, नवी आली, आणि गणपतीनंतर हनुवटीखाली काळी रेघ दिसायला लागली. आता मानेमागे पुसट गुलाबी छटाही आहे. नरच आहे. कणसावर दुसरी बिनकंठाची आली की हा मुकाट बाजूला होतो, तेही जुळतं. या जातीत माद्याच वरचढ.

त्याने माझ्या हातातून खावं का? शेजारच्या काकूंचा आग्रह आहे, त्यांच्या नातवाला तर तो हातावर बसलेला हवाय. मी नाही म्हटलं. पोपट पकडणं, पिंजऱ्यात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी पकडणारे आणि विकणारे आहेतच. माझ्या हाताला सरावलेला पोपट त्यांच्या हातालाही बिचकणार नाही. हातभर अंतर आमच्या मैत्रीला पुरतं.

जानेवारीपासून यांची ढोलीसाठी भांडणं सुरू होतील. हा अजून पोरसवदा आहे, जोडी जमेल असं वाटत नाही, पण थव्याबरोबर तिकडे रमेल आणि फेऱ्या कमी होतील. पांगारा, सावर फुलले की माझ्या मक्याला विचारतो कोण! तोवर कणीस हळूहळू पट्टीच्या बाहेरच्या टोकाला नेतेय. तुमच्याकडच्या कोवळ्या नरांना कंठ कोणत्या महिन्यात दिसला ते गावासह कळवा. कोकणात आणि विदर्भात फरक पडतो का ते बघायचंय.