तुम्ही विचारलंत म्हणून: मफलरची गोष्ट

नाताळच्या सुट्टीत भारतातून कुणी आमच्याकडे लंडनला राहायला आलं की प्रश्न ठरलेला: 'सणासुदीला मुलांना रडवणारी फिल्म कशाला लावता गं?' यंदा सासूबाईंनी विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, म्हणजे पुढच्या पाहुण्यांना वाचायला देता येईल.

फिल्म म्हणजे 'द स्नोमॅन'. सव्वीस मिनिटांची, हाताने काढलेल्या चित्रांची. चॅनल फोर ही वाहिनी १९८२च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि २६ डिसेंबरला तिने ही पहिल्यांदा दाखवली. तेव्हापासून इथल्या नाताळाला ती चिकटली आहे, आपल्याकडे दिवाळीला चकली चिकटलीय तशी. मराठीत तिला काय म्हणावं हा घोळ आहेच. हिममानव म्हटलं की हिमालयातला केसाळ यती डोळ्यांपुढे येतो. आमच्या घरी तो 'बर्फोबा' आहे.

गोष्ट इवलीशी. एक मुलगा अंगणात बर्फाचा माणूस करतो, मध्यरात्री तो जिवंत होतो. मुलगा त्याला घर दाखवतो. आईवडील झोपलेले, आणि हे दोघं त्यांच्याच खोलीत कपडे घालून बघतायत. शेकोटीची भीती आणि फ्रीझर मात्र स्वर्ग! मग दोघं हात धरून उडतात. एकदा गोष्ट सुरू झाली की कुणी एक अक्षर बोलत नाही. शब्द येतात ते फक्त उडतानाच्या गाण्यात. संगीत हॉवर्ड ब्लेक यांचं. ते गाणं ॲलेड जोन्स या बालगायकाने गायलंय असं इथे निम्मे लोक छातीठोकपणे सांगतात. पण त्याची रेकॉर्ड आली १९८५ साली. फिल्ममधला आवाज सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदातल्या पीटर ऑटी या मुलाचा, आणि श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. हे मी पाहुण्यांना दर वर्षी सांगते. नवरा उठून चहा टाकायला जातो.

उडताना खाली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन गावचा रॉयल पॅव्हिलियन दिसतो, कांद्यासारख्या घुमटांचा. सासूबाई म्हणाल्या, 'हे तर आपल्याकडचं वाटतंय!' वाटणारच. इंग्रज राजपुत्राने हौसेने बांधलेला तो हिंदुस्थानी थाटाचा वाडा. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६, तिथे जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. जे हिंदू-शीख जवान तिथे दगावले, त्यांचं दहन गावाबाहेरच्या टेकड्यांवर झालं, आणि त्या जागी १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. फिल्ममध्ये यातलं काही नाही. पण ते घुमट आले की मला ती छत्री आठवतेच.

तर शेवट. रात्रीच्या सफरीत फादर ख्रिसमस, म्हणजे सांताक्लॉज, मुलाला मफलर भेट देतो. पहाटे घरी परत. सकाळी ऊन पडलेलं. मुलगा धावत अंगणात येतो, तर बर्फोबाची टोपी, त्याचा स्वतःचा मफलर आणि विरघळलेला ढिगारा. तो खिशात हात घालतो आणि भेट मिळालेला मफलर हाताला लागतो. तो गुडघे टेकून बसतो. संपलं. कुणी येऊन पाठीवरून हात फिरवत नाही.

मूळ पुस्तकात हा मफलर नाही. रेमंड ब्रिग्ज यांचं ते शब्दांशिवायचं पुस्तक १९७८चं, आणि त्यात नाताळसुद्धा नाही! तो फिल्मवाल्यांनी आणला, आणि ब्रिग्जना आधी ते जरा गोडगोडच वाटलं होतं. ब्रिग्जचे आईवडील १९७१ साली वारले, पत्नी १९७३ साली. गोष्ट मरणाची आहे, नाताळाची नाही, असं ते नंतर सांगत. पण माझं मत विचाराल तर ज्या गोडगोड भागाला त्यांनी नाक मुरडलं, त्यानेच फिल्म जास्त कठोर केली. मफलर नसता तर प्रत्येक आईने पोराला सांगितलं असतं, 'अरे, स्वप्न पडलं होतं त्याला.' मुलांच्या गोष्टीतली ही आपली नेहमीची पळवाट. मफलर ती बंद करतो. ते खरंच घडलं होतं, म्हणजे जो गेला तोही खराच गेला.

एका पाहुण्यांनी गणपती विसर्जनाचं उदाहरण दिलं होतं. मला नाही पटलं. आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो आणि बाप्पा येतोच. बर्फोबाला तसं म्हणायची सोय नाही. मला उलट सांगलीतला दिवाळीचा किल्ला आठवतो. आठ दिवस माती कालवायची, उतारावर अळीव पेरायचे, महाराज सिंहासनावर बसवायचे, आणि शेवटी सुतळी बॉम्ब लावून तो आपणच उडवायचा. त्यासाठी कधी कुणी रडल्याचं आठवत नाही. पण आमच्या मावळ्यांपैकी एखादा रात्री उठून माझ्याशी खेळला असता, तर त्या बॉम्बची वात मी पेटवली असती का?

मुलांना त्रास होतो का? धाकटी चार वर्षांची असताना ढसाढसा रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, 'परत लाव.' थोरला रडत नाही, पण त्या शेवटच्या मिनिटाला त्याला हमखास पाणी प्यायला जायचं असतं. चित्रं खडूने रंगवलेली, त्यामुळे रेघ सतत किंचित थरथरते, आणि ढिगाऱ्याशी फिल्म थबकते तेव्हाही ते चित्र श्वास घेतल्यासारखं हलत असतं. ते बघायला मात्र थोरला दारात थांबतो.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, शेवट पुन्हा लावायला सांगितला आणि विचारलं, 'त्याने तो मफलर आईला दाखवला असेल का?'

'नाही,' थोरला दारातूनच म्हणाला.

'दाखवला असणार,' धाकटी म्हणाली. 'नाहीतर आई विचारेलच ना, कुठून आणलास म्हणून.'

सासूबाई थोरल्याच्या बाजूच्या. जेवताना वाद पुन्हा निघाला, आणि परवा त्यांना विमानतळावर सोडायला गेलो तेव्हाही गाडीत तेच चाललं होतं.