देवळात समुपदेशकांना बसवताना: माझा अनुभव

न्यू जर्सीत एडिसनजवळच्या आमच्या देवळात महिन्यातून दोन रविवार समुपदेशक येतात. हे जमवताना काय करावं लागलं ते इतर गावच्या मंडळांसाठी लिहितो.

सुरुवात गुरुजींपासून करा. ‘मन लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘इथे दिवसभर बोलायला कुणी नाही’ हे आधी त्यांच्याच कानावर पडतं. मनाचा त्रास ओळखून पहिली मदत कशी करायची हे शिकवणारा ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’चा एक दिवसाचा वर्ग त्यांना उपयोगी पडतो. कुणाला शांत करून घ्यायची असेल तर जरूर करू द्यावी, पण ‘गोळ्या बंद करू नका’ हे गुरुजींनीच सांगावं. आमच्यापेक्षा त्यांचं ऐकलं जातं.

‘मानसिक आरोग्य कक्ष’ ही पाटी लावली आणि कुणी फिरकलं नाही. खोली चपलांच्या मांडणीसमोर होती, आत जाणारा सगळ्यांना दिसायचा. मग मराठी शाळेचा वर्ग घेतला, पाटी ‘झोप, काळजी, थकवा’ अशी केली आणि नावांची वही काढून टाकली.

नैराश्य तपासायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. प्रत्येकी ० ते ३ गुण, जास्तीत जास्त एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. पण समुपदेशक हजर नसताना हे कागद वाटू नयेत, असं माझं ठाम मत आहे. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, स्वतःला इजा करण्याचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर त्याच दिवशी, समोर बसून बोलायला हवं. तो कागद पुढच्या रविवारपर्यंत फायलीत पडून राहता कामा नये. धोका दिसला तर तिथूनच ९८८ हा आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीचा अमेरिकेतला मदतीचा नंबर लावायचा. त्या फोनवर दुभाषा मागता येतो.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती देऊळ आणि दवाखाना यांच्या मध्ये. नंबराची चिठ्ठी दिली की ती पर्समध्येच राहते. विमा कंपनीच्या यादीतले बरेच डॉक्टर नवीन रुग्ण घेत नाहीत, आणि इंग्रजी व्हॉइसमेलवर आजी निरोप ठेवत नाहीत. म्हणून शेजारी बसून विम्याच्या कार्डामागचा नंबर लावायचा: डॉक्टर नेटवर्कमध्ये (विमा कंपनीशी करार असलेले) आहेत का, नवीन रुग्ण घेतात का, को-पे (आपण भरायचा वाटा) किती? तारीख मिळेपर्यंत उठायचं नाही. विमा नसेल तर सरकारी अनुदानावरचं सामुदायिक आरोग्य केंद्र गाठायचं; तिथे उत्पन्न पाहून फी कमी करतात.

तारीख घेतानाच ‘मराठी दुभाषा हवा’ असं सांगावं, हिंदीवर भागवू नये. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला भाषेची सोय करावीच लागते, तीही मोफत. घरच्यांना दुभाषा करू नका. सुनेबद्दलचं दुःख सुनेच्याच तोंडून डॉक्टरांना कसं कळणार?

आदल्या संध्याकाळी फोन करून नेणार कोण, एवढं विचारायचं. आजी गाडी चालवत नाहीत, मुलाला रजा मिळत नाही, आणि चुकलेली तारीख पुन्हा मिळायला आठवडे जातात.