समुद्र उशाला, तरी वणवा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हापासून हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. मी माहेरी जायची तयारी करायला लागले की शेजारच्या मावशी म्हणतात, "मज्जा आहे ओ तुमची. समुद्र, आंबे, फणस." आणि मी फोनवर भावाला 'कालचा वणवा विझला का' असं विचारताना त्यांच्या कानावर पडलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढा पाऊस तुमच्याकडं, समुद्र उशाला, मग आग लागतीच कशी?"

माझं माहेर राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. घरं खाली नारळी-पोफळीत, मधल्या उतारावर आंबा-काजू आणि डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट रान. सोलापूरला वर्षाला ५००-५५० मिलिमीटर पाऊस झाला तर आपण पाऊसमान बरं म्हणतो. रत्नागिरी जिल्ह्यात तो ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. दसरा गेला की पुढचे सात-आठ महिने कोरडे. जांभा पाणी धरत नाही आणि त्याच्यावर मातीचा थर तो केवढासा. गवत मात्र त्या पावसावर कमरेइतकं वाढतं, दिवाळीला पिवळं पडतं आणि संक्रांतीनंतर मुठीत धरलं तर चुरा होतो. म्हणजे पाऊस जितका जोरात, तितकं जळायला गवत जास्त. आपल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही उन्हाळ्यात आगीची धास्ती असतेच, पण माळावरचं गवत आणि कोकणातलं गवत यांच्या उंचीत फार फरक आहे.

वाऱ्याचंही सांगते. फेब्रुवारी-मार्चात काही दिवस वारा घाटावरून खाली उतरतो, हा आपल्याकडचाच कोरडा वारा. तो असला की समुद्रावरचं वारं उशिरा सुटतं, रत्नागिरीचा पारा ३८-४० पर्यंत जातो आणि गवतातली उरलीसुरली ओल निघून जाते. एरवी दुपारी खारं वारं सुटतं ते समुद्राकडून चढणीकडे. आग चढणीला तशीही वेगानं धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला शिवायच्या आधीच तापवून ठेवतात. त्यात मागून वारा. सड्यावरून समुद्र डोळ्यांसमोर दिसत असतो, पण त्याचं पाणी तिथवर चढवणार कोण? बंब यायचा तो तालुक्याच्या गावातून, आणि आला तरी वर जायला रस्ता नसतो.

पेटवतं कोण, हा खरा प्रश्न आहे आणि तो फार कमी जण विचारतात. कोकणातला वणवा आपोआप लागत नाही, जवळजवळ प्रत्येक वेळी माणसाचाच हात असतो. कुणी टाकलेली विडी, कुणी शिकारीसाठी लावलेला जाळ, विजेच्या तारा घासून उडालेली ठिणगी, किंवा 'जाळलं की गवत चांगलं फुटतं' ही समजूत. कोवळे कोंब लवकर दिसतात हे खरं; पण पालापाचोळा जळून गेलेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात खाडीत जाते, ते कुणी मोजत नाही.

भाजावळीला मात्र सरसकट नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या जागेवर शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (वाळका पाला), गवत असे थर रचायचे, वर माती भुरभुरवायची आणि वारा पडलेला असताना सावकाश जाळायचं. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, माती भुसभुशीत होते. माझी आजी भाजावळ करायची तेव्हा कडेनं हातभर रुंद पट्टा आधी झाडून घ्यायची, पाण्याची कळशी आणि हिरवे टाळे, म्हणजे पानांच्या फांद्या, शेजारी ठेवायची आणि शेवटचा धूर बसेपर्यंत तिथून हलायची नाही. आता त्याच कामाला घरात एकच माणूस असतं, तेही सत्तरीच्या पुढचं. पेटवून ते जेवायला घरी येतं, आणि वारा फिरतो.

वणवे वाढले ते इथं. सड्यावरचं गवत पूर्वी उरतच नव्हतं. घरटी गुरं होती, दिवाळीनंतर गवत कापायची झुंबड उडायची, पेंढ्या बांधून उडव्या, म्हणजे गंज्या, रचल्या जायच्या. आता गोठे रिकामे, निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबई-पुण्याला. मी स्वतः सोलापुरात. गवत उभंच्या उभं वाळतं आणि एका बंद घराच्या कुंपणातून पुढच्या बंद घराकडे आगीला वाट मिळते. 'जागरूकता हवी' असं सगळे म्हणतात, ती हवीच. पण मला विचाराल तर सड्याला जागरूकतेपेक्षा आधी कोयते हवेत, आणि ते चालवणारी माणसं.

बाकी उन्हाळा आमच्या घरी नेहमीसारखाच असतो. सकाळी लवकर आंबे उतरवायचे, खळ्यात, म्हणजे अंगणात, रातांबे (कोकमाची फळं) फोडायला बसायचं, दुपारी फणसाचे गरे, संध्याकाळी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, पोरं. फक्त या सगळ्यात कुणीतरी एकजण सतत सड्याकडे बघत असतं. सोलं, म्हणजे वाळवलेली कोकमं, करताना रातांब्याच्या सालींना मिठाच्या रसाची पुटं द्यावी लागतात, दिवस-दिवस ऊन दाखवावं लागतं. एकदा वहिनी सोलं उलटत असताना त्यांच्यावर काळी, हलकी, गवताच्या पात्याच्या आकाराची राख येऊन पडली. धूर दिसत नव्हता, वासही नव्हता. वहिनीनं एक पातं दोन बोटांत धरलं, ते अजून कोमट होतं. ती काही बोलली नाही, पदर खोचून सरळ भावाला हाक मारायला गेली.

मग जे होतं ते गावात सगळ्यांना पाठ आहे. पुरुष आणि धडधाकट पोरं जांभळीचे, आंजणीचे हिरवे टाळे तोडून वर पळतात. आग पाण्यानं विझत नाही, टाळ्यांनी बडवून विझते, तीही कडेनं. समोरून कुणी जात नाही. बायका गोणपाटं भिजवतात, खळ्यातला पेंढा लांब ओढतात, सोलं आणि आंब्याची साठं आत घेतात. गोठ्याजवळ आग आली तर काकूंची एकच ओरड, "दावी कापा, सोडत बसू नका!" घाबरलेल्या गुराची गाठ ओढून घट्ट बसलेली असते, ती सुटत नाही.

हापूसच्या कलमाला ज्वाळा शिवायलाच हव्यात असं नाही. नुसत्या धगीनं पानं करपतात आणि फळ गळतं. काजूची गोष्ट वेगळी, त्याच्या टरफलातलं तेल भडकतं आणि खालचा पाचोळा आग धरून ठेवतो. झाडांखाली राख उरते, पण ती दुसऱ्या दिवशी दिसते. त्याच संध्याकाळी कळतं ते नळ कोरडा पडल्यावर. आमच्याकडे पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून काळ्या प्लास्टिकच्या नळीनं उतारानं येतं, पंप नाही, वीज नाही. ती नळी गवतातून जाते. आग वरून गेली की वितळून कातळाला चिकटते. दिवसभर आगीशी झगडून आलेल्या माणसांना तोंड धुवायला पाणी नसतं, आणि मे महिन्यात बाया हंडे घेऊन विहिरीवर उभ्या. आठवड्यातून एक-दोनदा येणारं पाणी साठवणाऱ्या सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

उसाचं पाचट पेटवल्यावर बांधापलीकडचा ऊस जातो, ठिबकच्या नळ्या जातात, शेजाऱ्याची कडब्याची गंजी जाते, हेही इथं प्रत्येकाला माहीत आहे. तसंच आहे ते. फरक एवढाच की पाचट कुणी पेटवलं हे शिवारात कळतं, सडा कुणी पेटवला हे सहसा कळत नाही. १९२७ च्या वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल थोडं, डोंगर बहुतेक खासगी मालकीचे. वनरक्षक कुठे कुठे पुरणार?

म्हणून गावानं आता एक सुरू केलंय. थंडीतच, गवत पुरतं वाळायच्या आत, सडा आणि बागा यांच्यामध्ये गवत कापून पट्टा मोकळा करायचा. जाळरेषा म्हणतात तिला. आम्ही बाहेरगावी राहणारे मजुरीचे पैसे भरतो, गावातले उभं राहून करून घेतात. पट्टा सगळीकडे पुरत नाही, दोन वाड्यांचं हद्दीवरून अजून जमत नाही. पण जिथं पट्टा झाला तिथं आग आली तरी टाळे घेऊन उभं राहायला जागा मिळते, आणि भाऊ म्हणतो तेवढ्यानंही अर्धं काम होतं. नळी यंदा शक्य तिथं मातीखाली घेतली. कातळात खणता येत नाही, तिथं तिच्यावर दगड रचलेत.

आणि मावशी, तुमचा दुसरा प्रश्न, 'मग आम्ही यावं का मे महिन्यात?' तर खुशाल या. कोल्हापूरवरून अणुस्कुरा घाट उतरलात की उतारावर काळे पट्टे दिसतील, ते बघून घाबरू नका. सड्यावर चूल मांडू नका, विडी-सिगारेट तर नकोच. कुठे धूर दिसला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर लावा आणि जवळच्या वाडीत ओरडून सांगा, वाडीतली माणसं आधी पोचतात. येताना शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या आणा, वहिनीला फार आवडतात. सड्यावर आपण सकाळीच जाऊ, खारं वारं सुटायच्या आत.