पत्र्यावर न चढता : आमची वाटचाल

मृगाची पहिली सर आली की आमच्या घरचा फोन वाजायला लागायचा. "आण्णा, चार नंबरच्या मागावर टपकायलंय, लगेच या." इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडवर बहुतेक सिमेंटचे पत्रे. थेंब मागावर पडला की कापडावर डाग, डाग पडला की तागा सेकंडमध्ये, म्हणजे हलक्या मालात, आणि मग दिवाणजीपासून मालकापर्यंत सगळ्यांचा आवाज चढतो. त्यामुळे माझे वडील भर पावसात शिडी लावून वर जायचे. ओला, शेवाळलेला आणि जेमतेम 6 मिमी जाडीचा सिमेंटचा पत्रा म्हणजे काय चीज आहे, हे त्यावर उभं राहिलेल्यालाच कळतं.

पत्रेवाल्यांचा एक नियम असतो: पाय फक्त बोल्टच्या ओळीवर ठेवायचा, कारण खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी दांडी, असते. आण्णांनी तो तीस वर्षं पाळला. 2016 च्या जुलैत एका शेडवर उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा काजळीनं इतका काळा पडला होता की शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसत होता. आण्णांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. खाली माग चालू. हात बोल्टला अडकले म्हणून वाचले. घरी येऊन पहिलं वाक्य काय, तर "त्या मालकाला फायबर बदलायला सांगाय पायजे."

मी तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करून कोल्हापुरात एका कंत्राटदाराकडे कामाला होते. ड्रोनची कल्पना त्या दिवशी सुचली, असं सांगितलं तर छान वाटेल, पण तसं झालं नाही. ती चार वर्षांनी सुचली, एका लग्नात. नवरा-नवरीच्या डोक्यावर घोंगावणारा ड्रोन बघून मनात आलं की हा मंगल कार्यालयाच्या पत्र्याकडे का बघत नाही.

2020 च्या सुरुवातीला साठवलेल्या पैशातून 249 ग्रॅमचा एक छोटा ड्रोन घेतला. नियमांच्या भाषेत हा नॅनो, म्हणजे 250 ग्रॅमपर्यंतचा. त्या वेळच्या नियमात विमानतळाच्या हद्दीपासून दूर, 50 फुटांच्या आत उडवायला त्याला मोकळीक होती. शेडला 50 फूट पुष्कळ झाले. पहिला फोटो सुरेख आला. अख्खी शेड, मागे नारळाची झाडं, वर ढग. मालकांनी तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. आण्णांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "झ्याक हाय. भोक कुठाय?"

या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली.

ड्रोनचे कॅमेरे बनतात ते मुख्यतः देखाव्यासाठी. त्यांची लेन्स वाइड असते. जास्तीत जास्त जागा एका चौकटीत बसावी, हा तिचा धर्म. आता हिशेब बघा. माझ्या त्या ड्रोनचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, 6.2 मिमी रुंद, लेन्स साडेचार मिमीची, फोटो 4000 पिक्सेल रुंद. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्स आणि पिक्सेल. 15 मीटरवरून एका पिक्सेलात सुमारे 5 मिमी पत्रा येतो. आण्णा ज्या भेगेला 'केस' म्हणतात ती एक मिमीसुद्धा नसते. म्हणजे भेग फोटोत नव्हतीच. ढग मात्र होते.

मग मी ड्रोन खाली आणला. चार-पाच मीटरवर पिक्सेल दीड मिमीवर येतो, हिशेब जमतो. पण शेडवर टर्बो व्हेंटिलेटर असतात, चिमण्या असतात, केबलवाल्यांच्या तारा असतात, आणि लोखंडी सांगाड्याजवळून उडवलं की होकायंत्र बावचळतं. एका दुपारी वाऱ्याच्या झोतानं ड्रोन व्हेंटिलेटरला धडकला आणि पत्र्याच्या मधोमध उलटा पडला. पत्र्यावर चढायला नको म्हणून घेतलेलं यंत्र आणायला आण्णा पत्र्यावर चढले. खाली उतरून काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा डोक्यात शिरलं की आपल्याला लांबूनच उडायचंय आणि जवळचं बघायचंय. ते काम ड्रोनचं नाही, लेन्सचं आहे.

मधल्या काळात कायदा बदलला. 25 ऑगस्ट 2021 ला नवे ड्रोन नियम आले आणि कागदपत्रं बरीच कमी झाली. 9 फेब्रुवारी 2022 ला परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. मी ज्या झूमवाल्या परदेशी ड्रोनचे व्हिडिओ रात्र-रात्र बघत होते, तो विषय संपला. त्या वेळी चिडले होते. आज वाटतं, त्या बंदीमुळेच लेन्सचा विचार नीट करावा लागला. कारण मग घेतला तो इथेच बनलेला, प्रमाणित, स्मॉल वर्गातला, म्हणजे 2 किलोच्या वरचा ड्रोन, आणि त्याखाली लटकतो लेन्स बदलता येणारा 24 मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा. त्यासाठी रिमोट पायलटचं प्रमाणपत्र काढलं आणि बँकेचं कर्जही. वर्गात अकरा मुलगे आणि मी. प्रशिक्षक पहिले दोन दिवस मला "मॅडम, आपण फोटो काढायला आलाय का" असं विचारत होते. एका अर्थी बरोबरच विचारत होते.

कॅमेऱ्याबरोबर 16 ते 50 मिमीची झूम लेन्स आली होती; आकडा जितका मोठा, तितकं जवळचं दिसतं. विकणारा म्हणाला, एकीत सगळं. मलाही ते पटलं. पण तिचं झूम मोटारीवर चालणारं. बॅटरी बदलायला कॅमेरा बंद केला की लेन्स आत जाते आणि परत चालू केल्यावर 16 वरच उघडते. पहिल्या बॅटरीचे फोटो 50 वर, दुसरीचे 16 वर. एकाच शेडचे अर्धे पत्रे भिंगाखाली आणि अर्धे जणू विमानातून. ती लेन्स आता बहुतेक भाच्याच्या वाढदिवसालाच वापरतो.

मग मी झूमचा नाद सोडला आणि 50 ची साधी, एकाच मापाची लेन्स घेतली. 15 मीटरवरून पिक्सेल 1.2 मिमी. बोल्टच्या डोक्यावरचा गंज दिसायचा, डांबराचा वायसर फुटलाय की शाबूत आहे तेही दिसायचं. मला वाटलं, गड जिंकला. साधारण 60 बाय 100 फुटांच्या शेडचे ऐंशीवर फोटो काढले, त्यात अकरा भेगा सापडल्या, लाल गोल करून आण्णांच्या माणसांना पाठवले.

आण्णांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. "पोरी, भेग हाय. पण ह्ये कुठलं हाय?"

खरंच, कुठलं होतं? एका चौकटीत 7 मीटर बाय पावणेपाच मीटर पत्रा. करडा, सगळीकडे सारखा, कुठे कडा नाही, गटार नाही, व्हेंटिलेटर नाही. त्या फोटोला पत्ताच नव्हता. ड्रोनचा जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे सांगतो, आणि तेवढ्यात दोन-तीन पत्रे सहज बसतात. माणसं मोबाईल हातात धरून वर फिरत राहिली आणि शेवटी शेजारच्या ओळीतल्या पत्र्यावर सील मारून आली. पुढच्या पावसात मालकांचा फोन आला. तो इथे लिहिण्यासारखा नाही. काम परत फुकट करून दिलं.

आज आमची रोजची लेन्स 35 मिमीची आहे. 15 मीटरवरून पिक्सेल 1.7 मिमी आणि चौकट सुमारे 10 मीटर बाय पावणेसात. एवढ्या चौकटीत काहीतरी ओळखीचं येतंच: आढ्याचा कोना, गटारीची कड, फायबरचा पत्रा. त्याआधी त्या झूम लेन्सनं 16 मिमीवर दोन-तीन फोटो काढून शेडचा नकाशा करून ठेवतो आणि त्यावर पत्र्यांच्या ओळींना आकडे टाकतो. मोजपट्टी लागत नाही. सिमेंटच्या पत्र्याच्या दोन पन्हळींमधलं अंतर 146 मिमी ठरलेलं असतं. पन्हळी मोजल्या की झालं.

पण 1.7 मिमीच्या पिक्सेलमध्ये एक मिमीची भेग दिसते कशी? इथे लेन्सवाले कामाला आले नाहीत, आण्णा आले. ते म्हणाले, "उन्हात बघू नगंस. पाऊस उघडला की दोन तासानं बघ." पाऊस थांबून पत्रा वरवर वाळतो, पण भेगेत पाणी धरून राहिलेलं असतं. करड्या पत्र्यावर तिथे काळी ओली रेघ उमटते, भेगेपेक्षा चांगली चार-पाच पट रुंद. मग 35 ची लेन्स पुरते. तीन वर्षं मी लेन्स लांब करत होते, आणि आण्णांनी भेगच रुंद करून दाखवली.

फोकसचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण या धंद्यात उतरणाऱ्याचे पैसे वाचतील. मी जमिनीवर हातानं फोकस लावायचे आणि हलू नये म्हणून रिंगला चिकटपट्टी. या लेन्सची रिंग आतल्या काचेला जोडलेली नसतेच. ती फक्त मोटारीला इशारा देते. कॅमेरा बंद-चालू झाला की तो लावलेला फोकस विसरतो, चिकटपट्टी आपली इमानदारीनं जागेवर. दोनशेच्या वर फोटो मऊ भातासारखे आले. आता बॅटरी बसवून कॅमेरा चालू केल्यावरच समोरच्या भिंतीवर 15 मीटरवर खडूनं फुली मारतो, तिच्यावर फोकस, एक फोटो, मोठा करून बघणं, आणि मग उड्डाण. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं छिद्र, 5.6 वर. तेवढ्यावर 35 च्या लेन्सला आठ-नऊ मीटरपासून पलीकडचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं, त्यामुळे शेडचा उतार आडवा येत नाही. शटर सेकंदाच्या 1/1000 पेक्षा हळू ठेवत नाही आणि फोटो घेताना ड्रोन थांबवतो. तीन मीटर सेकंदाच्या वेगानं चालता-चालता 1/1000 ला काढलात तरी फोटो 3 मिमी पुसला जातो, म्हणजे लेन्सवर घातलेले पैसे तिथेच गेले.

50 ची लेन्स विकली नाही. साखर कारखान्यांच्या गोदामांना ती लागते. तिथे रंगीत लोखंडी पत्रे, उंची जास्त, आणि गळती बहुतेक स्क्रूच्या रबरी वायसरमधून. स्क्रूच्या रांगा शिस्तीत असतात, म्हणून पत्ता शोधायचा त्रास नाही: तिसरी पर्लिन, बाविसावा स्क्रू. पोत्यांच्या थप्पीवर पाणी पडणं कुठल्याच कारखान्याला परवडत नाही, त्यामुळे पावसाआधीच बोलावणं येतं. ही आमची सगळ्यात शहाणी गिऱ्हाइकं.

काही कामं घेत नाही. गोकुळ शिरगाव एमआयडीसी विमानतळाला लागून आहे. तिथे परवानगीशिवाय उडवायचं नाही, आणि "पाच मिनिटांचंच तर काम आहे" म्हणणाऱ्यांना आम्ही शिडीचा दर सांगतो. पत्र्यावर पत्रा जिथे चढतो तिथल्या जोडाच्या आतलं कुठल्याच लेन्सला दिसत नाही. आणि पाणी टपकतं तिथे भोक नसतं, ते पन्हळीतून किंवा पर्लिनवरून वाहत खाली येतं. म्हणून ड्रोन उडायच्या आधी आण्णा शेडमध्ये जातात, मागासाठी कांड्या भरणाऱ्या बायकांना विचारतात थेंब कुठे पडतो, आणि फरशीवर खडूनं गोल काढतात. मी स्क्रीनवर त्या गोलापासून चढाच्या बाजूला शोधत जाते.

गेल्या जूनमध्ये जुन्या वस्तीतल्या एका शेडचे फोटो बघत बसलो होतो. बाहेर नुकतीच उघडीप झालेली. आण्णा पेन्सिलीच्या टोकानं स्क्रीनवर पन्हळी मोजत होते, ओठ हलत होते. मी म्हटलं, स्क्रीनला टोचू नका. त्यांनी ऐकलं नाही. "आढ्यापासनं तिसरा पत्रा," ते म्हणाले, "पाचवी पन्हळ. बोल्टाच्या खाली चार बोटं." मग खुर्ची मागे सरकवली आणि फोन लावला, "बाबू, सील घिऊन ये. आन् फळी आण, मोकळा चढू नगंस."